नारिंगी बुरशी आणि स्वयंपाकघरातून आलेला शास्त्रज्ञ

पावाच्या पुडीत विसरलेल्या एखाद्या कापावर नारिंगी रंगाची भुसभुशीत लव उगवलेली दिसली, की आपल्या घरात पुढे काय घडते हे ठरलेले आहे. नाक मुरडून तो काप कचऱ्याच्या डब्यात जातो आणि पुडीतल्या उरलेल्या पावाकडेही संशयाने पाहिले जाते. हे योग्यच आहे. मात्र इंडोनेशियातील पश्चिम जावा प्रांतात, बांडुंगसारख्या शहरांच्या बाजारात, अगदी अशाच नारिंगी लवेने मढलेल्या वड्या विक्रीला मांडलेल्या असतात. गृहिणी त्या निवडून घेतात, घरी नेऊन तळतात, भाजीत घालतात, मसाल्यात परतून भाताबरोबर वाढतात. या पदार्थाचे नाव ‘ओंचोम’. तो ज्यापासून बनतो ती वस्तू मुळात टाकाऊ असते. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून त्याचे दूध काढायचे, त्या दुधापासून टोफू, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोया पनीर म्हणतात तो पदार्थ करायचा, आणि मागे उरलेल्या चोथ्यावर बुरशी वाढवून ओंचोम करायचे, अशी ही रीत आहे.

चोथा वाफवून घेतात, थापून त्याच्या वड्या करतात, त्यावर आधीच्या ओंचोममधली थोडी बुरशी चोळतात आणि झाकून ठेवतात. साधारण दीड दिवसात पांढरट, बेचव चोथ्याची घट्ट, नारिंगी, कापता येईल अशी वडी होते. आपण कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, त्याच्याशी हे सर्व किती मिळतेजुळते आहे! फरक एवढाच, की आपल्या विरजणात जीवाणू असतात आणि तेथे ‘न्यूरोस्पोरा इंटरमीडिया’ नावाची बुरशी असते. तिचा नारिंगी रंग कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्याचा असतो. गाजराचा रंगही याच गटातला.

जावातील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या खात आलेल्या या वडीकडे अलीकडच्या काळात एका तरुण शास्त्रज्ञाचे लक्ष गेले. वायू हिल-मैनी हे त्यांचे नाव. ते आज अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जैवअभियांत्रिकीचे प्राध्यापक आहेत आणि खाद्य बुरशींवर संशोधन करणारी स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. नावातला ‘वायू’ वाचून वाचकांच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्याचे उत्तर त्यांच्या घरात आहे. ते वाढले स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात. त्यांची आई भारतीय वंशाची. तिथल्या स्वीडिश मंडळींना ती स्वयंपाकाचे धडे देत असे. हळद, जिरे, धने यांच्या वासात वाढलेला हा मुलगा शाळा संपल्यावर न्यूयॉर्कला गेला तो शास्त्रज्ञ होण्यासाठी नव्हे, तर बल्लवाचार्य होण्यासाठी. तेथील हॉटेलांच्या भटारखान्यांत त्यांनी काम केले. पण पदार्थ शिजताना, आंबताना, मुरताना आत नेमके काय घडते हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून ते मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात शिकायला गेले आणि तेथून पुढे हार्वर्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेटसाठी दाखल झाले.

आपल्याकडे ‘चांगला शिकला असता, पण स्वयंपाकात रमला’ असे हळहळून सांगण्याची रीत आहे. येथे क्रम नेमका उलटा झाला.

औषध गिळले, पण पोहोचले कोठे?

हार्वर्डमधील त्यांचे काम अन्नाशी थेट संबंधित नव्हते. परंतु घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण असलेल्या प्रत्येक कुटुंबाने ते समजून घ्यावे इतके ते महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो.

कंपवातात मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी पडते. ते बाहेरून थेट देऊन उपयोग नसतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक पडदा डोपामाइनला ओलांडता येत नाही. लेव्होडोपा या औषधाला मात्र तो ओलांडता येतो आणि मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामाइन बनते. अडचण अशी, की हे रूपांतर वाटेतच झाले तर औषध वाया जाते आणि मळमळीसारखे त्रासही होतात. म्हणून लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा नावाचे दुसरे औषध देतात. ते शरीरातील विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, वाटेत अडवून धरते. तरीही एकच मात्रा एका रुग्णाला छान लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही, हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव आहे.

एमिली बाल्स्कस यांच्या प्रयोगशाळेत काम करताना वायू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा एक भाग उलगडला. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यावर त्यांचे नाव वायू मैनी रेकडाल असे आहे. आपल्या आतड्यात वस्तीला असणारा ‘एंटेरोकोकस फीकॅलिस’ हा जीवाणू लेव्होडोपाचे रूपांतर आतड्यातच डोपामाइनमध्ये करून टाकतो. त्यानंतर ‘एगर्थेला लेंटा’ हा दुसरा जीवाणू त्या डोपामाइनपासून आणखी एक वेगळे रसायन बनवतो. म्हणजे एकाने औषध फोडायचे आणि दुसऱ्याने त्याचे अवशेष वापरायचे, अशी ही साखळी आहे. कार्बिडोपा माणसाच्या विकराला अडवते, परंतु जीवाणूच्या विकरापुढे ते निष्प्रभ ठरते, हेही या कामातून दिसले. जीवाणूचे विकर अडवणारा एक रेणूही या गटाने शोधला आणि तो उंदरांमध्ये काम करतो हे दाखवले. रुग्णांसाठी औषध म्हणून तो अद्याप दूर आहे, तेव्हा हे वाचून कोणीही आपल्या गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा स्वतःहून बदलू नयेत.

सूक्ष्मजीव ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशा दोन रांगांत उभे करण्याची सवय आरोग्यविषयक जाहिरातींनी आपल्याला लावली आहे. एंटेरोकोकस कोणत्या रांगेत घालायचा? बहुतेकांच्या पोटात तो मुकाट्याने नांदतो. लेव्होडोपा पोटात आल्यावर मात्र त्याच्याजवळच्या एका विकरामुळे चित्र बदलते. सूक्ष्मजीव कोणता, याबरोबरच त्याच्या पुढ्यात काय वाढले आहे आणि त्याच्या जनुकांत कोणते सामर्थ्य दडलेले आहे, यावर परिणाम ठरतो. हीच दृष्टी घेऊन वायू पुन्हा अन्नाकडे वळले.

चोथ्यावर जगायला शिकलेली बुरशी

हार्वर्डनंतर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जे कीसलिंग यांच्या गटात आले. कीसलिंग यांचे नाव हिवतापाच्या औषधाशी जोडलेले आहे. आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीपासून मिळते. पिकाच्या चढउतारानुसार त्याचा पुरवठाही कमीजास्त होतो. कीसलिंग यांच्या गटाने यीस्टच्या जनुकांत बदल करून त्या औषधाचा पूर्वघटक यीस्टकडून बनवून घेतला. जेथे सूक्ष्मजीवांना नवी कामे शिकवली जातात, अशा ठिकाणी हा माजी स्वयंपाकी आला होता. तरी ओंचोमच्या बाबतीत त्यांनी पहिले काम केले ते शिकवण्याचे नव्हे, तर शिकण्याचे.

प्रश्न साधा होता. जावातील ओंचोमवर जी बुरशी वाढते ती रानात, जळक्या झाडांवर वाढणाऱ्या तिच्या भावंडांसारखीच आहे का? जनुकांची तुलना केली तेव्हा उत्तर नकारार्थी आले. ओंचोममधील न्यूरोस्पोराचा एक स्वतंत्र, माणसाळलेला वंश आहे आणि तो मानवी वस्तीतील टाकाऊ चोथ्यावर वाढण्यास विशेष सरावलेला आहे. लांडग्यापासून कुत्रा घडला, रानगवतापासून गहू घडला, हे आपण शाळेत शिकतो. जावातील अनाम स्त्रीपुरुषांनी एक बुरशी घडवली, आणि ती घडवताना आपण काही घडवत आहोत याची त्यांना कल्पनाही नसावी. चांगली वडी जपायची, तिचे बीज पुढच्या चोथ्याला लावायचे, बिघडलेली टाकायची. बस्स, एवढेच ते करीत राहिले.

चोथ्यातील पेक्टिन आणि सेल्युलोज हे तंतू आपल्या पोटात फारसे पचत नाहीत. ही बुरशी ते तोडणारी विकरे तयार करते आणि त्यावर स्वतः वाढते. सुमारे ३६ तासांत चोथ्याचे खाद्य होते. संशोधकांनी मग तिला आणखी कामाला लावले. उसाची चिपाडे, टोमॅटोचा रस काढून उरलेला गर, बदामाची टरफले, केळीच्या साली अशा ३० प्रकारच्या शेतीजन्य टाकाऊ मालावर ती वाढवून पाहिली. ती वाढली, आणि काही बुरशा जी विषे तयार करतात तशी विषे तिने तयार केल्याचे आढळले नाही. हे संशोधन ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर मायक्रोबायॉलॉजी’त आले. येथवर जनुकांत एकही बदल केलेला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण अशा बातम्यांत पारंपरिक आंबवणे आणि जनुकीय अभियांत्रिकी यांची सरमिसळ फार होते.

प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ येथे थांबला असता. स्वयंपाकी थांबत नाही. त्याला चव पाहायची असते. कोपनहेगनमधील ‘अल्केमिस्ट’ या नामांकित उपाहारगृहाचे रास्मुस मुंक यांच्याबरोबर वायूंनी काम केले. साखर न घातलेल्या तांदळाच्या कस्टर्डवर ही बुरशी सुमारे ६० तास वाढवली, तेव्हा त्या बेचव कस्टर्डला फळांसारखा गोडसर सुवास आला आणि त्यातून एक मिष्टान्न तयार झाले. न्यूयॉर्क राज्यातील ‘ब्लू हिल अ‍ॅट स्टोन बार्न्स’ येथे शिळ्या पावावर तीच बुरशी वाढवून तो भाजला, तर चीज लावून भाजलेल्या पावासारखी चव आली. म्हणजे आपण ज्या पावाच्या कापाला कचऱ्याचा डबा दाखवला, त्याचाच हा दूरचा, सुसंस्कृत भाऊ! ज्यांनी ओंचोम कधी चाखले नव्हते अशा डेन्मार्कमधील लोकांनाही ते खाऊ घालून पाहिले. नऊपैकी सहाहून अधिक गुण त्यांनी त्याला दिले. अनोळखी बुरशीला पहिल्याच भेटीत मिळालेले हे गुण वाईट म्हणता येणार नाहीत.

या खटाटोपामागे मोठे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील घरे, उपाहारगृहे आणि दुकाने यांनी मिळून १०५ कोटी टन अन्न वाया घालवले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या सुमारे पाचव्या भागाइतके हे प्रमाण आहे. शेतापासून ताटापर्यंत वाया जाणाऱ्या अन्नामुळे होणारे उत्सर्जन जगातील एकूण हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के भरते. कारखान्यांत उरणारे चोथे, साली, पेंडी यांचा प्रश्न तर याहून निराळा, कारण त्यांना अन्न म्हणून कोणी मोजतही नाही. सोयाबीन महाराष्ट्रात उदंड पिकते. शहरांतून सोया दूध आणि सोया पनीर करणारे छोटे उद्योगही उभे राहिले आहेत. एक किलो सोयाबीनमागे साधारण तेवढाच ओला चोथा निघतो. त्यात तंतू असतात, प्रथिने असतात, आणि पाणीही इतके असते की तो काही तासांत आंबून वास मारू लागतो. गुरांना घालायला मिळाला तर ठीक, नाही तर फेकला जातो.

आपल्या आजीला हा हिशोब कोणी समजावून सांगावा लागला नसता. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक काढल्यावर मागे राहणाऱ्या भुशाच्या भुसवड्या घालणाऱ्या घरांत मी जेवलो आहे. कुरडई पाहुण्यांसाठी, भुसवडी घरच्यांसाठी, अशी वाटणी असे. मला भुसवडीच अधिक आवडे.

जेव्हा बुरशीच खायची असते

आता जनुकांच्या बदलाकडे वळू. अशा सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या गोष्टी आपल्या घरात पूर्वीच आल्या आहेत. मधुमेही व्यक्तीच्या घरी शीतकपाटाच्या दारात असलेले मानवी इन्सुलिन हे त्याचे ठळक उदाहरण. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढावे लागे. जीवाणूंकडून बनवून घेतलेल्या इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. चीज करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरत. तेच कार्य करणारे, सूक्ष्मजीवांनी बनवलेले विकर १९९० मध्ये तेथे अन्नासाठी मान्य झाले आणि शाकाहारींना खाता येईल असे चीज सोपे झाले.

पण या दोन्ही उदाहरणांत सूक्ष्मजीव हा कारागीर होता. त्याने वस्तू बनवली, ती शुद्ध करून घेतली आणि कारागीर मागे राहिला. वायू यांच्या पुढच्या कामात कारागीरच ताटात येतो. येथे बुरशीचे धागे, म्हणजे कवकजाल, हेच अन्न असते. म्हणून येथे कसोटीही अधिक कडक असायला हवी.

त्यांनी निवडलेली बुरशी ‘अ‍ॅस्परजिलस ओरायझी’, जपानी भाषेत ‘कोजी’. सोया सॉस, मिसो आणि साके शतकानुशतके तिच्याच जोरावर बनत आले आहेत. या बुरशीची जनुके हव्या त्या जागी, हव्या त्या प्रमाणात बदलता यावीत यासाठी आधी साधने तयार करावी लागली. क्रिस्पर हे जनुककात्रीचे तंत्र त्यातलेच एक. मार्च २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या या कामात दोन गोष्टींचे प्रमाण वाढवले गेले. एक हीम आणि दुसरे अर्गोथायोनीन.

हीम म्हणजे लोह धारण करणारा तो रेणू, ज्याच्यामुळे रक्त लाल दिसते आणि मांसाला मांसाची चव येते. हीम वाढल्यावर पांढरी बुरशी लाल झाली. तिच्यातील जादा पाणी काढून, वाटून, थापून तळली तर मांसाच्या कटलेटसारखी दिसणारी वडी झाली. अर्गोथायोनीन हे पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे संयुग. ते फक्त बुरशा आणि काही जीवाणूच बनवू शकतात. माणसाला ते अन्नातून, विशेषतः अळिंबीतून मिळते. ते आत ओढून घेण्यासाठी आपल्या पेशींवर एक खास वाहकही आहे. मात्र हे संयुग अधिक खाल्ल्याने अमुक आजार टळतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अद्याप नाही, हेही लक्षात ठेवावे.

हीमचा मुद्दा आपल्या घरांना अधिक जवळचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भाज्या, डाळी, बाजरी यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते आणि चहाने ते आणखी घटते. हीममधील लोह त्या मानाने चांगले शोषले जाते, पण ते मुख्यतः मांस-मासळीत मिळते. शाकाहारी ताटात हीम आणणारी बुरशी हा विचार म्हणूनच मोहक आहे. परंतु बुरशीत हीम आहे एवढ्यावरून ती खाणाऱ्या स्त्रीचे हिमोग्लोबिन वाढेल असा निष्कर्ष काढता येत नाही. किती खावी लागेल, त्यातले किती शोषले जाईल, हे माणसांवर तपासावे लागते. तोवर गुळाची चिक्की रक्तक्षयावर रामबाण म्हणून विकणाऱ्यांत आणि ही वडी तशीच विकणाऱ्यांत मला फारसा फरक दिसत नाही. रक्त कमी असेल तर तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि जेवणात लिंबू किंवा आवळा, हा मार्ग आजही खात्रीचा आहे.

घरच्या बुरशीचे काय?

कोजीची एक सख्खी बहीण आहे, ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’. दोघींची जनुके जवळजवळ सारखी. परंतु कोजी माणसाळली, आणि फ्लेव्हस दमट गोदामातील शेंगदाणे, मका यांवर वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. हे विष शिजवून किंवा भाजून पुरते नष्ट होत नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. पावसाने पीक भिजले होते, साठवणही ओलीच झाली, आणि घरात दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तेच खाल्ले.

जावालाही अशा दुःखाचा अनुभव आहे. खोबऱ्याचे तेल काढून उरलेल्या चोथ्यावर बुरशी वाढवून ‘तेम्पे बोंगक्रेक’ नावाचा पदार्थ तेथे केला जाई. त्या चोथ्यात कधी कधी एक घातक जीवाणू शिरे आणि बोंगक्रेक आम्ल नावाचे विष तयार करी. त्यातून वेळोवेळी विषबाधा होऊन अनेक माणसे दगावली. अखेर सरकारला १९८८ मध्ये या पदार्थावर बंदी घालावी लागली. ज्या बेटाने चोथ्याचे उत्तम अन्न केले, त्याच बेटावर ही वेळ आली. चोथा, उष्णता आणि ओलावा तोच. आत कोण वाढले, एवढाच फरक.

म्हणून घरात पाव, शेंगदाणे, लोणचे, जॅम, चटणी यांवर आपोआप आलेली बुरशी, कोणत्याही रंगाची असो, खरवडून उरलेले खाऊ नये. बुरशीचे धागे वरून दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. खवट किंवा काळपट, सुरकुतलेला शेंगदाणा तोंडात आला तर गिळू नये, थुंकून टाकावा. कूट करण्यापूर्वी दाणे निवडण्याचे काम मुलांना द्यायला हरकत नाही. या लेखावरून स्फूर्ती घेऊन कोणी सोया चोथा ओट्यावर झाकून ठेवला, तर त्यावर न्यूरोस्पोरा येईल याची काहीच हमी नाही. विरजणावाचून दूध ठेवले तर दही लागेलच असे नसते, दूध नासतेही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. ‘आंबवलेले म्हणजे पोटात जिवंत जीवाणू’ हे दही-ताकाच्या बाबतीत खरे, पण वाफवलेली इडली, तळलेली आंबोळी, गोव्यातील सुरेवर फुगवलेली सान्नां यांत सूक्ष्मजीव उष्णतेने मेलेले असतात. तळलेल्या ओंचोममध्येही तसेच. या पदार्थांचा फायदा वेगळ्या कारणाने आहे. आपल्या पोटाने करायचे काही काम आंबताना आधीच होऊन गेलेले असते. त्यामुळे अशा पदार्थांवर ‘प्रोबायोटिक’ असा शिक्का मारून जादा पैसे कोणी मागत असेल, तर ते देण्याचे कारण नाही. बुरशीजन्य प्रथिनांच्या बाबतीत एक सावधगिरीही आहे. काही व्यक्तींना त्यांची अ‍ॅलर्जी होते, म्हणून बाजारात असे उत्पादन प्रथमच आणले तर पहिल्या वेळी थोडेच खावे, आणि दमा किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

विरजण कोणाचे?

भारतात या क्षेत्राकडे सरकारचेही लक्ष गेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या ‘बायोई-३’ धोरणात प्रथिनांच्या अशा नव्या स्रोतांचा समावेश आहे. दुसरीकडे, जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव हाताळण्यास १९८९ च्या नियमांनुसार परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. ओंचोमसारख्या, जनुके न बदलता केलेल्या पदार्थांची वाट त्या मानाने सोपी आहे. उसाची चिपाडे आपल्या साखर कारखान्यांत बॉयलरमध्ये जाळली जातात आणि त्यांतून वीज मिळते, तेव्हा ती अगदीच फुकट जात नाहीत. टोमॅटोचा भाव कोसळल्यावर रस्त्यावर ओतला जाणारा माल, सोयाबीनचा चोथा, शेंगदाण्याची पेंड यांचा विचार मला अधिक निकडीचा वाटतो. जावात शेंगदाण्याच्या पेंडीचेही ओंचोम करतातच. मात्र पेंडीत अफ्लाटॉक्सिन किती, हे तपासण्याची सोय आधी आणि बुरशी नंतर, असा क्रम असावा लागेल.

एक प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा आहे, पण तो टाळता येत नाही. जावातील कुटुंबांनी माणसाळवलेली बुरशी उद्या एखाद्या कंपनीच्या पोलादी टाक्यांत वाढली आणि तिच्या वड्या जगभर विकल्या गेल्या, तर त्यातले त्या कुटुंबांना काय? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हळदीचे ज्ञान लिहिलेले होते म्हणून ते वाचले. ओंचोमचे ज्ञान ग्रंथांत कमी आणि हातांत जास्त आहे. जैविक संसाधनांतून होणाऱ्या लाभात मूळ समाजाला वाटा मिळावा यासाठी २०१० मध्ये नागोया करार झाला खरा, परंतु बुरशीचा एक डाग बोटावर घेऊन सीमा ओलांडणे किती सोपे आहे हे कोणालाही समजेल.

वायू यांच्या शोधनिबंधात ओंचोमचा उल्लेख आडवळणाने नाही, मथळ्यातच पारंपरिक आंबवलेल्या अन्नाला श्रेय दिलेले आहे. स्टॅनफर्डमधील त्यांच्या प्रयोगशाळेत आता कोणता चोथा कोणत्या बुरशीला द्यायचा आणि त्यातून कोणती चव काढायची, याचे प्रयोग चालतात. पश्चिम जावातील टोफूच्या कारखान्यांतून मात्र आजही रोजचा ओला चोथा निघतो आणि ओंचोम करणाऱ्यांच्या घरी जातो. तो वाफवला जातो, थापला जातो, आणि त्यावर कालच्या वडीतली चिमूटभर नारिंगी पूड भुरभुरली जाते.